राक्षसाला बोलतं केलं होतं

माझ्या थोरल्या भावाचं लग्न झालं तेव्हा मी सातवीत होते. वहिनी पाथर्डीकडच्या एका खेड्यातली. आमचं देवळाली प्रवराचं घर कालव्याच्या पाण्यावर पोसलेलं, दारापासून ऊस सुरू व्हायचा. तिच्या गावाला प्यायचं पाणीसुद्धा लांबून डोक्यावर आणावं लागे. ती माझ्याहून पाच-सहा वर्षांनीच मोठी असेल. पण नात्यानं मी नणंद, म्हणून मला ‘वन्सं’ म्हणायची आणि ‘तुमी’ म्हणून बोलायची. शाळेत छड्या खाणाऱ्या मुलीला घरी कुणी ‘तुमी’ म्हणतंय, याचं मला फार अप्रूप वाटे.

घरात ती जेवढ्यास तेवढं बोलायची. ‘का’च्या जागी तिच्या तोंडात ‘कामून’ यायचं, आपल्या आईला ती ‘माय’ म्हणायची आणि तिनं तोंड उघडलं की कुणीतरी हसायचंच. त्यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता. आम्ही तरी कुठं पुण्याचे होतो? आमच्याही घरात ‘हाय’ आणि ‘न्हाई’च चालायचं. पण पाथर्डीकडचं बोलणं ऐकलं की हसायचं, ही आमच्या भागाची रीतच होती.

गावच्या वाचनालयात मुलांचं एक मासिक यायचं. त्यात एक चित्रकथा क्रमशः चालली होती. राज्य हरवलेला एक राजपुत्र ते परत मिळवायला निघालेला असतो, वाटेत जादूची जंगलं, उडते घोडे, असलं सगळं. राजपुत्राला खांद्यावर घेऊन एक राक्षस चालायचा. मी आणि शेजारची मैत्रीण, आम्ही दोघी राजपुत्रावर जीव टाकून होतो. मासिक आलं की मी धावत जाऊन घरी आणायचे. दुपारी आई जरा आडवी झाली की आम्ही पडवीत बसायचो. तिथंच वहिनी गहू निवडत बसलेली असायची. एकदा तिनं सुपातला हात काढला, पदराला पुसला आणि मासिक मागितलं. ती सातवीपर्यंत शिकलेली होती, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं.

ती बराच वेळ एकच पान बघत राहिली. मग म्हणाली, “वन्सं, ह्यो राक्षस कामून बोलत न्हाई?”

“राक्षसच तो. तो काय बोलणार?” मी म्हणाले.

“घोडा बोलतो की! घोड्याच्या तोंडापाशी फुगा काढलाय. झाड बोलतंय. ह्याच्याच तोंडापाशी काही न्हाई.”

आम्ही दोघींनी मागचे अंक आठवून पाहिले. खरंच, त्याच्या वाट्याला एकही शब्द आलेला नव्हता. इतके महिने आम्ही ते वाचत होतो आणि आमच्या ते ध्यानातही आलं नव्हतं. वहिनीनं बोट ठेवून आणखी दाखवलं. राजपुत्राच्या पायात मोजड्या, राक्षस अनवाणी. त्याच्या एका कानाची पाळी फाटलेली. आणि नदी ओलांडतानाच्या चित्रात सगळे पुढं बघताहेत, हा एकटा मागं वळून बघतोय.

“मागं बघतो म्हंजी मागं कुणीतरी हाय त्याचं,” वहिनी म्हणाली.

त्या दुपारपासून आम्हाला त्या राक्षसाचं वेड लागलं. राजपुत्र मागं पडला. राक्षस मूळचा कुठला, त्याची पाळी कशी फाटली, राजपुत्राकडं तो कसा आला, यावर आमची भांडणं होत. मैत्रीण म्हणे, तो शापित राजाच असणार. वहिनीला ते पटायचं नाही. “राजा असता तर मिजास दिसली असती. ह्याचे खांदे बघा, लहानपणापासून वझं वाहिलेलं हाय,” ती म्हणे. तिनं त्याला एक माळरानातलं गाव दिलं, एक माय दिली, एक धाकटी बहीण दिली. पाऊस न पडलेल्या साली त्याला राजाच्या पदरी पाठवून दिलं, आणि तिथलं बोलणं त्याला समजेना, म्हणून तो बोलायचाच थांबला, असं तिनं ठरवलं. पुढचा अंक येईपर्यंत आमच्या कथेतला निम्म्याहून अधिक प्रवास होऊन गेलेला असे. आणि आमच्या कथेत राक्षस बोलायचा. वहिनीसारखा बोलायचा. घरात तोंड मिटून वावरणारी ती बाई राक्षस झाली की काय बोलायची! कधी राजपुत्राला दटावायची, कधी घोड्याशी हुज्जत घालायची. हसून हसून आमच्या डोळ्यांत पाणी यायचं. ते हसणं निराळं होतं.

गणपतीत आमच्या आळीत मुलामुलींची नाटुकली व्हायची. आपण राक्षसाचं करू, हे मैत्रिणीनं काढलं. वहिनीला सुनेच्या नात्यानं स्टेजवर जाता येणार नव्हतंच, पण सगळं बसवलं तिनं. वाक्यं तिनं सांगायची, आम्ही पाठ करायची. मैत्रीण राजपुत्र झाली. मी उंच, म्हणून मी राक्षस. शेवटाला राजपुत्र विचारतो, तू आजवर बोलला का नाहीस? आणि मग राक्षस आपली हकिकत सांगतो. ते भाषण पाठ करताना मला रडूच यायचं. वहिनी म्हणायची, “रडू नका वन्सं. त्यो रडत न्हाई. त्यो नुसतं सांगतो.”

त्या वर्षी पावसानं दडी मारली होती. वहिनीचे वडील तिकडं दुष्काळी कामावर खडी फोडत होते. सणाला लेकीला भेटून जावं म्हणून ते एसटीनं आले आणि नेमके नाटुकल्याच्या संध्याकाळी पोचले. अंगात धुतलेला सदरा, बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. वहिनीनं त्यांना मांडवात पुढं बसवलं आणि स्वतः बायकांच्या घोळक्यात मागं उभी राहिली. एवढी आनंदात मी तिला कधीच पाहिली नव्हती.

नाटुकलं छान चाललं. मग शेवटचा प्रवेश आला. राजपुत्रानं प्रश्न विचारला. मी एक पाऊल पुढं आले आणि म्हणाले, “म्या कामून बोलू? माझी माय तिकडं माळावर हाय.”

मांडवात एकच हशा पिकला. मला वाटलं, माझी मागं बांधलेली शेपटी सुटली असेल. मी हात लावून पाहिला, जागेवर होती. पुढचं वाक्य बोलले, आणखी मोठा हशा. कुणीतरी मागून “माय गं!” म्हणून ओरडलं. पुरुष मांड्यांवर थापा मारत होते. मी वहिनीनं शिकवल्याप्रमाणे शब्द न् शब्द म्हणत गेले, बहिणीचं, पावसाचं, पाठवणीचं. दर वाक्याला लोक हसत होते. त्यांना ते विनोदी नाटुकलं वाटलं होतं. शेवटी टाळ्या तर इतक्या पडल्या की तेवढ्या त्या गणपतीत कुणालाच मिळाल्या नाहीत.

वहिनीचे वडील तेवढे हसत नव्हते. मांडी घालून, मान वर करून माझ्याकडं बघत बसले होते. मागं वहिनी दिसते का म्हणून मी पाहिलं, तर ती जागेवर नव्हती.

नंतर ते मांडवाच्या मागं आले. तोंडाला काजळ फासलेल्या माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “झ्याक बोललीस बाई. आमच्यातलीच वाटलीस.” रात्री ते जेवले, पण भाकरी अर्धी ठेवून उठले. सकाळच्या पहिल्या गाडीनं गेले.

आईनं आपल्या परीनं समजूत घातली. “लोक तुझ्यावर थोडेच हसले? राक्षसाला हसले. मनाला लावून घेऊ नको.”

“न्हाई आत्याबाई, मी कशाला लावून घेऊ?” वहिनी म्हणाली.

‘कामून’ नाही, ‘कशाला’ म्हणाली. माझ्या कानाला ते तेव्हाच खटकलं. पुढं काही महिन्यांत तिचं बोलणं आमच्यासारखंच झालं. आई शेजारणींना कौतुकानं सांगायची, सून किती लवकर रुळली. दुपारी पडवीत ती अजून बसायची, पण मासिक पुढं केलं तर म्हणायची, “तुमी वाचा, मला काम हाय.” मी आणि मैत्रिणीनं दोघींत राक्षसाला बोलतं करून पाहिलं. आमच्या तोंडी तो राजपुत्रासारखाच बोलू लागला. मग आम्हीही सोडून दिलं.

वर्षअखेरीस चित्रकथा संपली. शेवटच्या भागात राजपुत्राला राज्य मिळतं. राक्षस दरड अंगावर घेऊन त्याला वाचवतो आणि मरतो. त्याला एकच छोटा चौकोन दिलेला होता. मी अंक घेऊन वाचनालयातून पळतच चुलीपाशी आले.

“वहिनी, तो मेला!”

तिची भाकरी तव्यावर होती. तिनं वर पाहिलं. “मरताना काही बोलला?”

मी पुन्हा चौकोन बघितला. “न्हाई.”

तिनं भाकरी उलटली. “बरं,” म्हणाली, आणि पुढचा गोळा हातात घेतला.

माझं पुढं शिक्षण झालं, नगरला नोकरी लागली, लग्न झालं. वहिनीचा संसार तिथंच झाला, चांगला झाला. तिच्याशी माझं कधी वाकडं आलं नाही. पण त्या दुपारी परत आल्या नाहीत, आणि त्या परत आणायच्या तर काय म्हणायचं हे मला कधी सुचलं नाही. एखाद्याला आपण गप्प केलं असलं तर माफी मागता येते. इथं तर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

मागच्या दिवाळीत मी माहेरी गेले होते. वहिनीचा नातू टीव्हीवर कार्टून बघत होता. त्यातला दुष्ट जादूगार मुळात दुष्ट नाहीच, त्याला लहानपणी घरातून काढून दिलं होतं, असं तो मला हातवारे करून पटवून देत होता. नातवानं स्वतःच जादूगारासाठी एक मोठा भाऊ कल्पिला होता, तो त्याला शोधत येतो म्हणे. मी वहिनीकडं पाहिलं. ती लसूण सोलत होती.

“आजी, तुला काय वाटतं? येईल का त्याचा भाऊ?” नातवानं विचारलं.

वहिनीनं क्षणभर टीव्हीकडं पाहिलं. काहीतरी बोलेल असं मला वाटलं.

“मला काय कळतंय बाळा त्यातलं,” ती म्हणाली. “आत्याआजीला विचार. ती शिकलेली आहे.”