नंबर मागं-पुढं करायचं बटण

चंद्रपुरात एका औषधाच्या दुकानाच्या माडीवर माझं ऑफिस आहे. तिथं आम्ही दोघीच सॉफ्टवेअर बनवतो, मी आणि माझी एक तरुण सहकारी. पुण्यातली नोकरी सोडून परत आले, तेव्हा आमच्या ऊर्जानगर वसाहतीतल्या शेजारणींनी आईला विचारलं होतं, पोरीला तिकडं जमलं नाही का. चांगलं जमत होतं. मला इथं काम करायचं होतं, एवढंच.

जंगलाच्या एका गेटाजवळच्या गावातून आम्हाला काम मिळालं. सफारीच्या जिप्सीत पर्यटकांसोबत जाणाऱ्या गाईडांची तिथं समिती होती. आज कोणाचा नंबर, यावरून रोज पहाटे गेटवर वाद व्हायचे. म्हणून नंबर कॉम्प्युटरनं लावायचा आणि गेटवरच्या स्क्रीनवर तो सगळ्यांना दिसायचा, असं ठरलं. सुरुवात करण्याआधी मी समाजमंदिरात सगळ्या गाईडांसमोर बसले. काय हवं, काय नको, ते मोठ्यानं वाचून दाखवलं. सगळे हो म्हणाले, मगच उठले.

मोठ्या कंपनीत ठरलेलं काम बदलायचं तर बैठका होतात, सह्या लागतात. छोट्या कामात एक फोन पुरतो. समितीच्या अध्यक्षांचे फोन सुरू झाले. "मॅडम, एक लहानसं राह्यलं." कधी अक्षरं मोठी हवीत, कधी वर वाघाचं चित्र. ते मी करून दिलं. मग एका दुपारी ते म्हणाले, "माझ्या मोबाईलवर एक बटण द्या. कोणाचा नंबर मागं-पुढं कराचा असन तर मले करता आला पाह्यजे. स्क्रीनवर ते दिसाले नको."

"काऊन नको दिसाले, भाऊ?"

"मोठे पाहुणे येतात. त्यांच्यासंग कोणाले धाडाचं ते मले समजते. बाकीच्यायची कटकट कोण आयकन?"

"मग सभेत सांगा. सगळे हो म्हणाले की लगेच बनवते."

"काम तुम्हाले मी देल्लं, सभेनं नाई. नागपूरवाले हेच काम हसत करून देतीन."

"मग त्यांच्याकडून करून घ्या," मी म्हणाले. आवाज चढू दिला नाही.

फोन ठेवला तेव्हा सहकारी माझ्याकडेच बघत होती. "ताई, एक बटण तर आहे. संध्याकाळपर्यंत करून टाकते मी. हे काम गेलं तर आपल्याकडं दुसरं आहे कुठी?"

तिचं काही चुकत नव्हतं. पण ज्यांचा नंबर त्या बटणानं मागं जाणार होता, त्यांना मी तोंडावर विचारलं होतं, तुम्हाला काय हवं. आता त्यांच्या पाठीमागं दुसरंच काही बनवायचं, तर मी त्यांना विचारायला गेलेच कशाला? गिऱ्हाईक म्हणजे फोन करणारा एक माणूस, हे मला मान्य नव्हतं. आजही नाही.

पुढच्या सभेला मी न बोलावता गेले. अध्यक्षांनी मला पाहिलं आणि दुसराच विषय काढला. तो संपल्यावर मी उभी राहिले. "एक नवीन मागणी आली आहे. ती सगळ्यांसमोर ठरल्याशिवाय मी बनवणार नाही."

"ते आपण मंग पाहू, मॅडम," अध्यक्ष म्हणाले.

मागून खाकीतली एक गाईड बाई म्हणाली, "मंग काऊन? आताच सांगा ना भाऊ."

शेवटी अध्यक्षांनीच सांगितलं, आणि बरं सांगितलं. मोठा पाहुणा खूश होऊन गेला तर गावाचं नाव होतं, म्हणून चांगली इंग्रजी बोलणारा गाईड धाडावा लागतो. मला वाटलं होतं, सगळे विरोधात उठतील. तसं झालं नाही. काही जुन्या गाईडांनी माना डोलावल्या. त्यांना ते पटत होतं.

"इंग्रजी मी बी शिकून राह्यली," ती बाई म्हणाली. "पण पाहुण्यासंग मले बसूच नाई देल्लं, तर बोलू कोणासंग? नंबर बदला, पण कोणी बदलला अन् काऊन, ते स्क्रीनवर दिसलं पाह्यजे."

त्यावर बराच वेळ गरमागरमी झाली. अध्यक्ष एकदा उठून बाहेरही गेले, मग परत येऊन बसले. अखेर तिचं म्हणणं मान्य झालं. बटण द्यायचं, पण ते दाबणाऱ्याचं नाव आणि कारण सगळ्यांना वाचता आलं पाहिजे. तसं मी बनवलं. त्या आठवड्यात माझी सहकारी रोज रात्रीपर्यंत कामाला बसली, एकदाही घड्याळाकडं पाहिलं नाही.

अध्यक्ष आजही अध्यक्ष आहेत. माझा फोन उचलत नाहीत. जिप्सी बुकिंगचं पुढचं काम त्यांनी नागपूरला दिलं. मला ते लागलं, खोटं कशाला बोलू. पण गेलं ते गेलं. परवा मूल गावच्या एका राईस मिलवाल्यांनी बोलावलं होतं. मालक म्हणाले, काय पाहिजे ते मी सांगतो, लिहून घ्या. मी म्हणाले, घेते, पण आधी वजनकाट्यावर बसणाऱ्यांना आणि धान घेऊन येणाऱ्यांना भेटीन. ते विचार करून कळवतो म्हणाले. करू द्या विचार.