ब्रेकबाईंची गाडी न विचारता सुधारली

चारचौघे चिडले की 'अहो'वरून 'अरे'वर उतरतात. ब्रेकबाईंचं उलटं होतं. त्यांचा पारा चढला की समोरच्याचा मानही चढायचा. धाकट्या दिराला एरवी त्या 'तू' म्हणत. थोड्या तापल्या की 'तुम्ही'. आणि 'आपण' ऐकू आलं की दिराने मुकाट्याने चपला शोधाव्यात, असा घरचा अनुभव होता.

त्या सकाळी गॅरेजच्या दारात उभ्या राहून बाई म्हणाल्या, "भाऊजी, आपण माझ्या गाडीचं काय केलंत?"

दुसऱ्या एका गाडीखालून दिराचे फक्त पाय दिसत होते. तेसुद्धा आत ओढले गेले.

ब्रेकबाई गाडी शिकवत. शिकणाऱ्याच्या शेजारी बसून आपल्या बाजूच्या जादा ब्रेकवर पाय ठेवण्यात त्यांची उमर गेली होती. सवय इतकी जडली होती, की घरी नवरा भरलेला चहाचा कप घेऊन वळला तरी यांचा उजवा पाय फरशी दाबायचा. गाडी जुनी, पण गुणी. शिकणाऱ्यांनी तिला खांबावर नेली, फाटकावर नेली, एकदा तर उलटी नेऊन न्हाव्याच्या दुकानात घातली. तिने कधी तक्रार केली नाही.

हल्ली मात्र स्टिअरिंग वळवलं की पुढून कट्‌कट् आवाज यायचा. धक्के झेलणाऱ्या पुढच्या दोन्ही शॉकअपच्या डोक्यावर, बॉनेटखाली, रबराची जाडजूड माउंटिंग असतात. रस्त्याचे टोले आधी ती खातात, उरलेसुरले माणसांपर्यंत पोचतात. बाईंच्या गाडीतली टोले खाऊन खाऊन फाटली होती. म्हणून गॅरेजवाल्या दिराला त्यांनी सांगितलं, "तशीच नवी टाक." बस. एवढंच.

आणि उद्यावर परीक्षा होती ती सिस्टरची. सिस्टर दवाखान्यात नर्स होती. घरोघरी जाऊन आजाऱ्यांची मलमपट्टी करायची नवी नोकरी तिच्या हाताशी आली होती. अट एकच, लायसन्स हवं. आधी दोनदा नापास झालेली. याही खेपेला तेच झालं की नोकरी दुसरीला. एवढी घाबरट विद्यार्थिनी बाईंच्या हाताखालून पूर्वी गेली नव्हती, पण महिनाभर खपून त्यांनी तिला रस्त्यावर आणलं होतं.

आणि आज सकाळी पहिल्याच गटाराच्या झाकणावर गाडी अशी धाडकन आदळली, की सिस्टरने स्टिअरिंग सोडून दोन्ही हातांनी डोळे झाकले. "मॅडम, मी कुणाला तरी मारलं!"

बाईंनी ब्रेक दाबला म्हणून निभावलं. सिस्टर उतरून गाडीखाली बघून आली. पुढे एका खड्याने तेच केलं. मग एका चपट्या बाटलीने. शेवटी किल्ली बाईंच्या हातात ठेवून ती म्हणाली, "मला नाही जमायचं. मी आपली सुया टोचते तेच बरं."

म्हणून बाई तिला घेऊन तडक गॅरेजवर आल्या होत्या.

दीर बाहेर आला तो हसतच. "कळलं ना, वहिनी? सांगणार नव्हतो, म्हटलं गंमत. शर्यतीच्या गाड्यांना लावतात ती माउंटिंग आहेत ती! रबराची भानगडच नाही. सगळं धातूचं."

"मी काय सांगितलं होतं?"

"रबर टाक म्हणून. पण रबर काय, पुन्हा फाटणार. टाकायचंच तर चांगलं टाकावं. तुम्हाला नाही कळायचं त्यातलं."

हे शेवटचं वाक्य त्याने गिळलं असतं तर बरं झालं असतं. बाई अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "आपण जरा मागे बसण्याची कृपा कराल?"

बाईंनी किल्ली पुन्हा सिस्टरच्या मुठीत कोंबली. गाडी निघाली. झाकण आलं, धाड्! दिराचं डोकं टपाला लागलं. "वा!" तो टाळू चोळत म्हणाला. "चाकाखाली काडेपेटी आली तरी समजेल!"

"मला समजतं हो!" बाई मागे वळून कडाडल्या. "शिकणाऱ्याला सगळं एकदम समजून चालत नाही! तिला आधी रस्ता दिसू दे, काडेपेट्या मग बघेल ती!"

"पण गाडीला पकड काय आलीय! सिस्टर, तुम्हीच सांगा, मजा येते की नाही?"

तेव्हा सिस्टर फुटली.

"मजा? अहो, माणसाला दुखू नये म्हणून मी बारीक सुई निवडते! तुम्ही आधी दाभण खुपसता, वर मजा आली का विचारता?" तिने गिअर बदलला. "माझी नोकरी चाललीय!" सिग्नल देऊन वळली. "विचारलंत का कुणाला? बाईंना? मला?" समोर सायकलवाला आला, त्याला नीट अंतर ठेवून ती पुढे गेली. मधे एक झाकण धाडकन वाजलं, त्याच्याकडे तिचं लक्षही नव्हतं. "मोठे आले सुधारणावाले!"

बाईंचा पाय ब्रेकवर तरंगत होता. दाबायची वेळच आली नाही.

"बघा!" दीर मागून म्हणाला. "जमलं की नाही माझ्या माउंटिंगवर?"

"गप्प बसा आपण."

दुपारी बाई गॅरेजमध्ये स्टूल टाकून बसल्या आणि दिराकडून रबराची नवी कोरी माउंटिंग बसवून घेतली. प्रत्येक नट स्वतः हात लावून पाहिला.

दुसऱ्या दिवशी गाडी लोण्यासारखी चालत होती. पण परीक्षक शेजारी येऊन बसले आणि सिस्टरचा चेहरा पुन्हा कागदासारखा पांढरा झाला. बाईंना गाडीत बसायची परवानगी नव्हती. त्या खिडकीशी वाकल्या आणि तिच्या कानात पुटपुटल्या, "भाऊजी मागे बसलेत असं समज."

सिस्टरने दात आवळले. गाडी सुटली ती सरळ लायसन्स घेऊनच थांबली.

संध्याकाळपर्यंत ही गोष्ट दिराच्या कानावर गेली. तो ती गॅरेजमध्ये येईल त्याला सांगत सुटला: सिस्टर पास झाली ती आपल्यामुळेच. बाईंना हे कळलं तेव्हा त्यांनी हातातला कप बशीवर असा आपटला की त्याचा कान तुटला.

कारण ते खरं होतं.