येतो म्हणालो, तिथंच चुकलं

मी माझ्या बायकोवर अवलंबून आहे, असं जर्मन सरकारनं मला लेखी दिलेलं आहे. व्हिशावर तसा शिक्काच आहे. अठरा वर्षं फौजेत काढलेल्या, कोरेगावाकडच्या ऊसवाल्या घरातल्या हवालदाराला हे वाचून काय वाटलं असेल, ते विचारू नका!

झालं असं, की माझी बायको शालन सांगलीच्या एका कॉलेजात शिकवते. तिला सहा महिन्यांच्या संशोधनासाठी जर्मनीतल्या एका विद्यापीठाचं बोलावणं आलं. ती मूळची माण तालुक्यातली, मेंढरं राखणाऱ्या घरातली. माणदेशी मेंढीची लोकर राठ, घोंगडी आता फार कुणी विणत नाही, त्यामुळे कातरलेली लोकर बाभळीखाली तशीच पडून राहते. त्या लोकरीपासून भिंतीला ऊब देणारे तक्ते करता येतील का, हे शालनला शोधायचं होतं. लहानपणापासूनचं तिचं वेड ते. तिनं कपडे कमी आणि लोकर जास्त अशी बॅग भरली होती. (विमानतळावरच्या माणसानं बॅग उघडली आणि लगेच बंद केली.)

"तू फकस्त संशोधन कर," मी तिला सांगितलं. "मुक्काम लावायचं काम माझं. लडाखात तंबू लावल्यात मी. एक जर्मन खोली लावायला काय लागतंय?"

"भाषा येती का?"

"दोन महिनं मोबाईलवर शिकतोय की!"

"मग झालंच आपलं कल्याण," शालन म्हणाली.

आमच्या घरमालकीणबाई, फ्राऊ क्लाइन, सत्तरीच्या. त्या तळमजल्यावर, आम्ही वरच्या मजल्यावर. मंगळवारी पोचल्या पोचल्या त्यांनी आम्हाला चार रंगांचे चार कचऱ्याचे डबे दाखवले आणि कशात काय टाकायचं ते अर्धा तास समजावलं. मी सावधानमध्ये उभा राहून ऐकलं. मग मी खिशातून कागद काढला. हे दोघं माझ्या घरात राहतात, अशी घरमालकाची सही त्यावर लागते. सही असेल तर नगरपालिकेत नोंद, नोंद असेल तर विद्यापीठाचं ओळखपत्र आणि ओळखपत्र असेल तरच प्रयोगशाळेचं दार उघडतं. मुदत पंधरा दिवसांची. त्या म्हणाल्या, "श्पेटर." म्हणजे नंतर. पाहुणे कसे निघतात ते आधी बघू, असा एकंदर चेहरा होता.

आता निघताना काहीतरी बोलायला हवं. फौजीच्या घरात 'जातो' हा शब्द चालत नाही. सुट्टी संपवून पेटी उचलली की आई दारात उभी राहायची आणि चुकून जातो म्हटलं तर पुन्हा घरात घेऊन पाणी पाजायची, मगच सोडायची. तर मी 'येतो' या आपल्या शब्दाचं अगदी चोख जर्मन केलं. "विर कोमेन!"

बाईंचा चेहरा उजळला. "व्हान?" म्हणजे कधी?

मला वाटलं, बायको कामावर कधी जाणार असं विचारतायत. म्हटलं, उद्या सकाळी नऊला.

"गूट!" त्या म्हणाल्या. म्हणजे छान.

"बघ," मी जिन्यात शालनला म्हणालो, "पहिल्याच दिवशी गप्पा चालू झाल्या."

दुसऱ्या दिवशी साडेआठलाच आम्ही विद्यापीठात गेलो. दुपारी परतलो तर बाई दारात हाताची घडी घालून उभ्या! त्या बरंच काही बोलल्या. त्यातला एकच शब्द मला लागला. कूखन. तो तीनदा आला होता. मला माहीत होतं, म्हणजे तेव्हा तसं वाटत होतं, की कूखन म्हणजे स्वयंपाकघर. सकाळी शालननं पोह्यांना मोहरी-मिरचीची फोडणी दिली होती, ठसका खाली गेला असणार!

मी तत्परतेनं माघार घेतली. मान डोलावून "या, या" म्हणालो (त्यांच्याकडे 'हो'ला 'या' म्हणतात, त्यामुळे हा एक शब्द मला फार लवकर आला) आणि ठणकावून सांगितलं, "मॉर्गन काइन कूखन!" उद्यापासून कूखन बंद!

बाईंचा चेहरा पडला. मला वाटलं, माझ्या शिस्तीनं भारावल्या. निघताना पुन्हा "विर कोमेन!" म्हणालो. त्यांनी संशयानं विचारलं, "कोमेन?" मी म्हणालो, "या, या!"

त्यानंतर आमच्या घरात चूल बंद. शालन तीन दिवस कोरडा पाव आणि घरनं आणलेली शेंगदाण्याची चटणी खात होती.

"आवं, कुठल्या देशात सैपाकाला बंदी असती?"

"कायदा हाय त्यांचा. आपुन पाहुणं."

"मग खिडकीतनं खमंग वास येतोय त्यो कसला?"

"त्यो खालनं येतोय. त्यांचा सवताचा सैपाक."

वास रोज यायचा. गुरुवारी सूपचा, शुक्रवारी भाजलेल्या बटाट्यांचा. आणि आम्ही निघताना बाईंच्या दारावरून रोज आदरानं म्हणायचो, "विर कोमेन!" शुक्रवारी तर त्यांनी दार लावून घेतलं. सहीचं नाव नाही. तिकडे प्रयोगशाळेच्या बंद दाराच्या काचेतून शालन आत बघून यायची आणि लोकरीची बॅग तशीच पलंगाखाली पडलेली. ती मला काही बोलत नव्हती. शालन बोलत नाही तेव्हा मला फार भीती वाटते.

शनिवारी सकाळी दारावर चिठ्ठी. मी वाचली. पूर्ण नाही, पण दोन शब्द नक्की कळले. एक 'फिअर', म्हणजे चार. दुसरा 'टिश', म्हणजे टेबल. मी जड आवाजात बायकोला सांगितलं, "चार दिवसांत टेबल-खुर्च्या सोडून निघा म्हनत्यात. भर सामान."

आणि खरोखर मी पेटी काढली! शालन मात्र चिठ्ठीवर मोबाईल धरून उभी राहिली. भाषांतर करणारं ॲप तिच्याकडे पहिल्या दिवसापासून होतं. ते वापरायचं नाही, असा हुकूम माझा होता, कारण मला जर्मन येत होतं.

ती मोठ्यानं वाचू लागली. "तुम्ही चार वेळा येतो म्हणालात. मी चार वेळा टेबल मांडलं. गाण्याच्या मंडळात जायचं रद्द केलं. बुधवारी सफरचंदाचा केक केला, तर तुम्ही न खाताच उद्यापासून केक नको म्हणालात. मी एकटी राहते, पण माझी कुणी थट्टा केलेली मला चालत नाही."

कूखन म्हणजे केक! स्वयंपाकघर म्हणजे क्यूशे!

मी पेटीवर बसलो. हसू येईना. एक बाई परक्या माणसांसाठी चार वेळा ताटं मांडून बसली आणि मी तिच्या दारावरून हात हलवत जात होतो. मला मनापासून लाज वाटली.

"उठा," शालन म्हणाली. "येतो म्हनलायसा न्हवं? चला मग."

आम्ही खाली गेलो. शालन मोबाईलमध्ये बोलली, मोबाईल जर्मनमध्ये बोलला. आमच्याकडे घरातून निघताना जातो म्हणत नाहीत. हे सीमेवर जायचे, तेव्हाही येतो म्हणूनच जायचे. गेलेला माणूस परत यावा म्हणून तसं म्हणायचं.

फ्राऊ क्लाइन यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग मोबाईलला विचारलं, "आणि हे दर वेळी परत आले?"

"आलं की," शालन म्हणाली. "आता घालवू म्हनलं तरी जाईनात!"

मोबाईलनं याचं नेमकं अचूक भाषांतर केलं. बाई डोळे पुसत इतक्या हसल्या, की चष्मा काढावा लागला. फ्रिजमधून बुधवारचा केक निघाला, कागदावर सही झाली. पुढच्या आठवड्यात प्रयोगशाळेचं दार उघडलं आणि लोकरीची बॅग आत गेली. सहा महिन्यांनी तिथल्या एका भिंतीत माण तालुक्यातल्या मेंढ्यांचा हातभर तक्ता बसला होता. शालन त्या भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि म्हणाली, "आवं, ऊब लागती!" तिचा तो चेहरा मी विसरणार नाही.

आता खरं तर गोष्ट इथंच संपायला हवी. पण परतल्यावर एकदा फ्राऊ क्लाइन यांचा फोन आला. फोन ठेवताना त्या चक्क मराठीत म्हणाल्या, "येते!" आणि पुढं दिवाळीनंतरचा मंगळवार, नऊ वाजता, असंही काही जर्मनमध्ये होतं. मी भारावलो. आपली रीत किती छान उचलली बाईंनी! मी म्हणालो, "या, या!"

दिवाळीनंतरच्या मंगळवारी नऊला दहा मिनिटं कमी असताना सांगलीत आमच्या फाटकाशी रिक्षा थांबली. मी बनियनवर झाडांना पाणी घालत होतो. फ्राऊ क्लाइन केकचा डबा हातात घेऊन उतरल्या. म्हणाल्या, मेंढ्या कुठं आहेत?

परदेशी पाहुणा घरी उतरला, की आपल्याकडेही घरमालकानं सरकारला लेखी कळवावं लागतं. मला एकदम उभारी आली! चष्मा लावला, पेन काढलं, ऐटीत खुर्चीत बसलो आणि म्हणालो, "श्पेटर! आधी पाहुणं कसं निघत्यात ते बघू."

शालननं माझ्या हातातलं पेन काढून घेतलं. "घर माझ्या नावावर हाय," ती म्हणाली. "तुमी च्या ठेवा."