नळीमागचा चेहरा

“साधा फोटो काय, कुणाचाबी निघतो,” फारूक म्हणायचा.

औशात किल्ल्याच्या वाटेवर, सायकलच्या दुकानाच्या माडीवर त्याचा स्टुडिओ होता. बाजारच्या दिवशी खेड्यापाड्यांतली पोरं कामं उरकून लाकडी जिना चढून वर यायची. केसांना तेल थापलेलं, सदऱ्याचं वरचं बटण गळ्याशी आवळलेलं. खुर्चीवर अशी ताठ बसायची, की जणू आता डॉक्टर सुईच टोचणार आहे. मग फारूक हे वाक्य टाकायचा आणि पडद्यामागून रिव्हॉल्वर काढायचा.

रिव्हॉल्वर लाकडाचं होतं, पण होतं खऱ्याचं भावंड. बदली होऊन चाललेला एक फौजदार बायकोपोरांसह फोटोला आला होता. फारूकनं त्याला चहा पाजला, गोड बोलला आणि गोळ्या काढून ठेवलेलं त्याचं सरकारी रिव्हॉल्वर कागदावर आडवं ठेवून पेन्सिलीनं कडेकडेनं उतरवून घेतलं.

“काय फारूकभाई, दरोडा घालायचा इचार हाय का?”

“न्हाई साहेब, दरोडेखोर पकडायचाय. सिनेमातला.”

“सिनेमातला?” फौजदार हसला. “तिथं सहाच्या रिव्हॉल्वरमधून नऊ गोळ्या उडतात. आम्हाला एक उडवली तर वर्षभर उत्तरं द्यावी लागतात.”

ईश्वरप्पा सुतारानं शिसवाच्या तुकड्यातून ते कोरलं. गोळ्यांचं गोल चाक बोटानं फिरायचं. मुठीच्या बुडाशी कडी होती, कडीतून खांद्यापर्यंत जाणारी तपकिरी दोरी होती. ती दोरी गळ्यात पडली की कडबा कापून आलेला माणूस इन्स्पेक्टर व्हायचा. ठाण्यातला नव्हे, पडद्यावरचा. ठाण्यातल्याला बघून तो वाट बदलायचा.

पडद्यावर रिव्हॉल्वर कसं धरतात, यावर फारूकचं बारीक लक्ष असे. नवा सिनेमा लागला की दुकान लवकर बंद करून एसटीनं लातूर गाठायचा. गाणी लागली की डोळे मिटायचा, आणि पट्ट्याच्या चामडी म्यानाकडं कुणाचा हात गेला की सावरून बसायचा. त्याची बायको बेगमबी शेजारणींना सांगायची, “आमच्या यांना हिरॉइन दिसत नाय. बंदुकीवरच जीव हाय. माझी सवत लाकडाची हाय बघा.”

फारूकच्या डोळ्यांदेखत त्या रिव्हॉल्वरचं वय होत गेलं. तो पोरगा होता तेव्हाच्या काळ्यापांढऱ्या सिनेमांत इन्स्पेक्टर शेवटी यायचा आणि रिव्हॉल्वर म्यानातच असायचं. नुसता हात ठेवला तरी खलनायक शरण. मग रंगीत सिनेमांत ते बाहेर आलं, छातीशी तिरपं झालं. पुढं चिडलेला नायक ते पट्ट्यासकट साहेबाच्या टेबलावर आदळू लागला. नंतर ते दोन्ही हातांत गेलं, गालाला टेकलं. प्रत्येक वेळी औशातल्या पोरांचे हात बदलले, आणि ते बदलणारा फारूक होता. “कोपर खाली. मान वाकडी. हां, आता कुणीतरी तुझा भाऊ मारलाय असं बघ,” तो सांगायचा, आणि एकुलत्या एका पोराच्या डोळ्यांत सुद्धा भाऊ मेल्याचा राग यायचा.

एका वर्षी लातूरच्या टॉकीजवर त्यानं एक पोस्टर पाहिलं. रिव्हॉल्वर थेट बघणाऱ्यावर रोखलेलं. नळीचं भोक मोठं, काळं, धारदार, आणि मागं धरणाऱ्याचं तोंड धुरात विरघळल्यासारखं. फारूक रस्त्यात उभा राहिला. टांगेवाल्यानं शिवी दिली तरी हलला नाही. आपल्या कॅमेऱ्यातूनही हे होईल, असं त्याला वाटलं. दिवा एकच ठेवायचा, भिंग पूर्ण उघडायचं आणि नजर नळीवर बसवायची, की मागचं सगळं धुरकट. फक्त तसा हात लांब करून न थरथरता धरणारा माणूस हवा होता.

तो माणूस म्हणजे व्यंकट. किल्लारीच्या अलीकडच्या एका गावातला, चोविशीतला, शेतकऱ्याच्या घरचा. गणपतीचे दिवस होते. चाकूरकडची एक सोयरीक आली होती आणि मुलीकडच्यांना फोटो हवा होता.

“साधाच काढा, भाऊ. आईनं सांगितलंय, तोंड नीट दिसाया पाहिजे.”

“साधा फोटो काय, कुणाचाबी निघतो. हात बघू तुझा. लांब कर.”

व्यंकटनं हात लांब केला. नांगर धरलेला हात, हवेत खुंटीसारखा राहिला.

“असा फोटो अख्ख्या जिल्ह्यात कुणाचा न्हाई. मुलगी बघून चाट पडंल.”

“मुलगी चाट पडंल, पण मामा उठून जाईल की,” व्यंकट म्हणाला, आणि दोघंही हसले. मग तो जरा घुटमळला. “पण भाऊ, आई...”

“साधा पुढल्या बाजारी काढून देतो. फुकट. मग तर झालं?”

व्यंकटनं दोरी गळ्यात घातली.

पुढला बाजार भरला नाही. गावोगाव गणपती बुडवून लोक झोपले आणि उजाडायच्या आत जमीन हलली. औशात स्टुडिओच्या भिंतीला हात जाईल एवढी भेग पडली. व्यंकटच्या गावात दगडामातीची घरं माणसांवर बसली.

दिवाळीच्या सुमारास माणसं जिना चढू लागली. त्यांच्या घरातल्या मेलेल्यांचे फोटो घरांखालीच गेले होते. फारूककडं निगेटिव्ह होत्या. हार घालायला फोटो हवा म्हटल्यावर तो ब्रश घेऊन रिव्हॉल्वर पुसायचा, आणि मग आवळलेली रिकामी मूठ विचित्र दिसू नये म्हणून तिच्यावर उपरण्याचं टोक रंगवायचा. कुणी म्हणायचे, राहू द्या, हौस होती त्याला. असे बरेच इन्स्पेक्टर त्या हिवाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये हार घालून टांगले गेले. त्यांची तोंडं तरी दिसत होती.

व्यंकटची आई केवळाबाई थोरल्या मुलाबरोबर आली. हा शिवशंकर मुखेडच्या एसटी आगारात कामाला होता. सून बाळंत व्हायची होती, तिला माहेरी आई नव्हती, म्हणून केवळाबाई मुखेडला गेली होती आणि म्हणून वाचली होती. नात झाली होती. घरी व्यंकट एकटाच होता.

फारूकनं फोटो धुवून दिला. ओल्या कागदावर नळीचं भोक होतं, एवढं स्पष्ट की त्यातली लाकडाची रेघही दिसावी. मागं एक करडा धूर, त्यात कुठं डोळ्यांच्या जागी अंधार, कुठं गालाच्या जागी उजेड.

केवळाबाईनं कागद उजेडाला नेला, तिरका केला, पदरानं हलकेच पुसला.

“बंदूक ऱ्हाऊ द्या भाऊ. मागचं तोंड तेवढं साफ करून द्या.”

“आई, ते मळलेलं न्हाई,” शिवशंकर म्हणाला.

“मग काय हाय?”

फारूकनं फोटो ठेवून घेतला. आठवडाभर दार लावून बसला. बारीक पेन्सिलीनं डोळा काढला, भुवई काढली, पण पेन्सिलीखाली उमटत होतं ते कुठल्याही कॅलेंडरावरचं तोंड होतं. शेवटी त्यानं जमत नाही म्हणून सांगितलं. आता ती बोलेल, ओरडेल, असं त्याला वाटलं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

“तुमी काय करनार,” केवळाबाई म्हणाली. “त्यालाच मेल्याला नाद. साधा काढ म्हनून बजावलं होतं मी. ऐकलं न्हाई.”

त्याला नाद नव्हता. त्यानं ऐकलं होतं. हे सांगायला फारूकनं तोंड उघडलंसुद्धा, पण आवाज फुटायच्या आत ती जिना उतरू लागली होती. प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत, हळू. हाक मारायला वेळ होता. त्यानं मारली नाही.

पुढं औशात मन लागेना म्हणून त्यानं लातूरला गाळा घेतला. रिव्हॉल्वर त्यानं पुन्हा कुणाच्या हातात दिलं नाही आणि कुणी मागितलंही नाही. पडद्यावरच्या पोलिसाकडंही आता चपटी पिस्तुलं आली होती. लातूरला क्लासेसचं पीक आलं होतं. मुखेड, उदगीर, निलंगा, कुठून कुठून पोरं यायची. सोबत पत्र्याची पेटी, डब्यात चिवडा. त्यांना हवे असत पासपोर्ट फोटो. कान दिसले पाहिजेत, मागं पांढरं पाहिजे. जन्मभर ज्याला तो हसला, तोच साधा फोटो त्याचं पोट भरू लागला. काढताना तो एकच गोष्ट पाहायचा, तोंड स्पष्ट आहे का. मुलगा मुज्तबा कॉम्प्युटरवर बसायचा. रस्त्यापलीकडं क्लासच्या फलकांवर गुणवंतांची तोंडं घराएवढी टांगलेली असत.

एका जूनमध्ये केवळाबाई त्या गाळ्यात आली. बरोबर नात, आरती. अकरावीला, क्लास लावलेला. पोरीला मेसचं जेवण मानवेना म्हणून आजी खोली करून राहिली होती. त्या गल्लीत दर दुसऱ्या घरात अशी कुणाची आई, कुणाची आजी स्टोव्हपाशी बसलेली असे. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. फारूकला तिनं आवाजावरून ओळखलं.

“औशाचे फारूकभाई न्हवं? आरती, तुझ्या काकाचा फोटू ह्यांनीच काढलाय बघ. लई नाद त्याला बंदुकीचा.”

फारूक कॅमेऱ्याशी काहीतरी करत राहिला. आरतीनं त्या फोटोचं विचारलं, त्यात तोंड उमटलंच नाही हे केवळाबाईनं सांगितलं, आणि मुज्तबानं मागं न वळता म्हटलं, “आता होतंय की, अम्मा. घरातल्या माणसांचे फोटो आणा. नाक-डोळे जुळवून तयार करतो.”

“नको,” फारूक म्हणाला.

“का, अब्बा?”

फारूकनं भिंगावर झाकण बसवलं. केवळाबाई मात्र बोलून गेली, “डोळं जायच्या आत एकदा बघितला असता. आता आठवाया गेलं की कधी शिवशंकरचंच तोंड पुढं येतंय.”

मग ते काम सुरू झालं. शिवशंकरचा तरुणपणीचा फोटो आला, आरतीचं कपाळ घेतलं गेलं. क्लास सुटला की दोघी यायच्या. आजी पडद्याला नाक लावून सांगायची, “मिशी कमी कर बाबा. त्याला लई न्हवती. गाल अजून आत.” आरती चिडवायची, “आजी, काकाला हिरो करायलीस.” “हिरोच व्हता,” आजी म्हणायची. फारूक त्या वेळेला चहाला निघून जायचा.

शेवटच्या दिवशी मात्र त्याला जाता आलं नाही. बेगमबी मुद्दाम घरून शिरखुर्मा घेऊन आली होती. फ्रेम टेबलावर होती. त्यातला तरुण देखणा होता, ताजा होता, कान दिसत होते, मागं पांढरं होतं. केवळाबाईनं काचेवर हात फिरवला. डोळ्यांशी नेला, दूर धरला. तिच्या तोंडावर हसू येऊ पाहत होतं आणि कशाची तरी वाट बघत थांबलं होतं.

“आईचं काय, आई कशालाबी लेक म्हनंल,” ती म्हणाली. “फारूकभाई, तुमी सांगा. तुमी त्याला शेवटचं निरखून बघितलंय, काचेतून. असाच व्हता न्हवं?”

“अब्बा, सांगा की,” मुज्तबा म्हणाला. “हो म्हणा, म्हणजे बांधून देतो.”

फारूकनं फ्रेम हातात घेतली. तो माडीवरचा एकच दिवा त्याला आठवला. तो लांब केलेला हात, मनगटावरचा गणपतीचा लाल दोरा, गळ्यातली तपकिरी दोरी, सगळं आठवलं. भिंग फिरवत तो पुढं सरकला होता, अजून पुढं. नळीचं भोक लखलखीत झालं तेव्हा श्वास रोखून त्यानं बटण दाबलं होतं. भोकाच्या मागं बघायला त्याला वेळ झाला नव्हता. आत्ता तो बघू लागला आणि तिथं धूर होता.

सगळे त्याच्या तोंडाकडं बघत होते. केवळाबाईनं मान एका बाजूला कलती केली होती, नीट ऐकू यावं म्हणून.

त्यानं फ्रेम तिच्या हातात ठेवली, चपला पायात सरकवल्या आणि गाळ्याबाहेर पडला.