सरुबाईचा सोमवार

वडिवळ्यात कुणालाही विचारा, तो सांगेल की सरुबाईला दर सोमवारी तिची मेलेली सून धरते. माझी आजी रतनबाई तर असं सांगते, जणू ते भूत आधी आमच्या दारात पाणी पिऊन मग पलीकडे जातं. पदर ओठांवर, डोळे वाटोळे, आवाज रांजणातून आल्यासारखा: "सोमवार उगवला का बसली वट्यावर! हाताला काम न्हाई, तोंडाला शबूद न्हाई. ती बसती व्हय? तिच्या अंगात मुक्ती बसती! संसार अर्ध्यावर टाकून गेली, वासना ऱ्हायली. मी सोता बघितलंय, सोमवारी तिची सावली दोन मानसांएवढी पडती."

सावली एका माणसाएवढीच पडते. भूतबीत काही नव्हतं. सरुबाई सोमवारी बसायची, कारण तिनं बसायचं ठरवलं होतं. आणि अफवा खोटी आहे हे सगळ्या गावात पक्कं ठाऊक असलेली एकटी बाई तीच. तरी वीस वर्षं तिनं ती खोडली नाही.

ते सुरू झालं मानमोडीच्या साथीच्या साली, एकोणीसशे अठरात. घरटी एक तरी माणूस तापानं आडवं होतं. सरुबाईचा नवरा अंबाजी आणि लेक नथू दोघं घोंगडीत कण्हत पडलेले, आणि खाचरात आंबेमोहोर पिकून खाली लोळायला लागलेला. दाणा झडत होता. उभ्या होत्या फक्त दोघी, सासू आणि सून. मग मुक्तालाही ताप भरला. एकोणीस वर्षांची पोर, हसायला लागली की तिला स्वतःलाच थांबवता यायचं नाही. नथूचा तिच्यावर फार जीव.

चौथ्या दिवशी मुक्ताचं अंग गार लागलं. सरुबाईनं कपाळावर हात ठेवून बघितला आणि म्हणाली, "उतरला न्हवं ताप? मग ऊठ. भात काय तुज्यासाठी थांबतंय?"

मुक्ता उठली. पदर खोचला, विळा घेतला. दोघींनी एकेक पात धरली. पात म्हणजे कापणाऱ्यानं आपल्या वाट्याला घेतलेली शेताची पट्टी. ती मध्येच सोडून बसणारीला मावळात नाव ठेवतात. ऊन चढल्यावर मुक्ता वाकल्या वाकल्याच म्हणाली, "आत्याबाई, वाईच टेकू का?"

"येवढी पात उरक आन् मग टेक."

मुक्तानं पात उरकली. मग बांधावर टेकली. तिला तिथून उचलूनच घरी आणावी लागली, आणि तिसऱ्या दिवशी ती गेली. नथू शेजारच्या घोंगडीत तापात होता. त्याला वाटलं, मानमोडीनं नेली. गावातून त्या पंधरवड्यात सतरा जणं गेली होती, कोण कुणाचा हिशेब विचारतो? सरुबाईलाही तसंच वाटलं. दोन महिने तसंच वाटत राहिलं.

पौषात ती लोणावळ्याला तांदूळ द्यायला गेली. वलवणच्या बाजूला पुण्याच्या एका कुटुंबाचा बंगला होता, हवा खायला येणाऱ्यांचा. व्हरांड्यात उन्हाला वेताची खुर्ची लांब करून त्या घरची सून, पद्मजाबाई, शाल पांघरून पडली होती. तिची सासू पेजेची वाटी घेऊन शेजारी बसलेली.

"काय झालं ओ वयनीसायबांला?" सरुबाईनं पोतं उतरवत विचारलं.

"अहो, तोच मेला इन्फ्लुएंझा. कार्तिकात झाला."

"मंग आजून ताप हाय?"

"छे हो! ताप चौथ्याच दिवशी उतरला. पण डॉक्टरांनी बजावून ठेवलंय, ताप उतरला की खरं जपायचं. उठली की गेली म्हणून समजा, म्हणाले. दोन महिने मी हिला जमिनीला पाय लावू दिलेला नाही. पेज मात्र तुमच्याच तांदळाची हं सरुबाई. दुसरा तिला रुचतच नाही."

पद्मजाबाई हसली. गालावर रंग परत येत होता.

सरुबाईनं तांदूळ मापून दिला. माप रिकामं झाल्यावरही ती ते पालथं धरून उभी राहिली. मग पोतं तिथंच विसरून निघाली, आणि कामशेतपर्यंतची वाट चालतच आली. गाडी होती, गाडी तिला सुचली नाही.

कुणाला काही बोलली नाही. पण पुढच्या सोमवारी ती उठली आणि जात्याकडे न जाता ओट्यावर जाऊन बसली.

आमच्याकडे सोमवारी बैल जुंपत नाहीत. शंकराचा वार, नंदीच्या मानेवर जू ठेवायचं नाही. अंबाजी हे कडक पाळायचा. त्या दिवशी बैलांना नदीवर धुऊन तो परत आला, तर चूल गार.

"आज काय गं? उपास?"

"सोमवार हाय."

"सोमवार बैलाचा आस्तो."

"मग मला बैल समजा, कारभारी."

"आगं पर बैलाला शिंगं आस्त्यात!"

"मला बी फुटतील. उटवून बघा."

अंबाजीनं उठवून बघितलं नाही. "आन् खायाचं काय आमी?"

"कालच्या भाकरी शिंक्यात हायत. चटणी पाट्याखाली हाय. मिळंल ती वैरण खावा."

तो तणतणत आमच्या घरी आला. माझ्या आजीनं ऐकून घेतलं, छातीवर हात मारला आणि निदान करून टाकलं: मुक्ती! अंबाजीचा चेहरा उजळला म्हणतात. बायको ऐकत नाही हे पारावर सांगता येत नाही. बायकोला भूत धरतं हे सांगता येतं. सरुबाईच्या कानावर आलं तेव्हा ती ना हो म्हणाली, ना नाही. तिनं मनाशी ताडलं, दमल्या बाईला हे गाव बसू देत न्हाई, भुताला देतं. तर भूत असू दे.

पण बसणं सोपं नव्हतं. पहिले कितीतरी सोमवार तिचे हात आपोआप चालायचे. मांडीवर जातं फिरवायचे, जमिनीवरची तुसं वेचायचे. ती एका हातानं दुसरा धरून ठेवायची. ते धरून ठेवणंच लोकांनी बघितलं आणि म्हणाले, भूत झटापट करतंय! हळूहळू हात निवले. मग तिला दिसायला लागलं की दुपारी डोंगराची सावली पहिल्यांदा कुणाच्या खाचरात उतरते. कुठल्या पायाचा गुडघा आधी दुखतो, हेही तिला तेव्हाच कळलं. उरलेले सहा दिवस ती कामाला अशी भिडायची की मंगळवारी तिची पात सगळ्यांच्या पुढं. शेजारणीनं अंगण दोनदा सारवलं म्हणून आपणही सारवायचं, असली कामं तिनं सोडून दिली. "येकदा सारवलं तरी तुळस मरत न्हाई," म्हणायची.

नथूचं दुसरं लग्न झालं. झुंबर आली. आणि इथं सरुबाईचा सगळा डाव उलटा पडला.

कारण सोमवार तिनं काही एकटीसाठी धरला नव्हता. तिला तो सुनेला द्यायचा होता. पण झुंबरच्या गळ्यात, दुसरेपणावर दिलेल्या बाईच्या असतो तसा, सवतीचा चांदीचा टाक, मेलीच्या नावाची चिमुकली प्रतिमा, होता. सोमवार मुक्तीचा, हे तिनं उंबरा ओलांडायच्या आधीच ऐकलं होतं. सरुबाई म्हणायची, "झुंबरे, ये, बस माज्यापाशी." झुंबर टाक मुठीत धरायची. "नगं आत्याबाई. तिच्या वारी मी बसले तर ती मला न्हेईल." आणि घाबरून सोमवारी दुप्पट राबायची, म्हणजे सवतीला दिसावं की ही आपली जागा घ्यायला आलेली नाही. जे भूत सासूला बसू देत होतं तेच सुनेला बसू देईना. आणि भूत नाही म्हणायचं, तर मग काय होतं ते सांगावं लागणार. नथूला कळणार. दर सोमवारी सरुबाई ते सांगणं पुढच्या सोमवारावर ढकलायची. मधल्या काळात अंबाजी वारला. अशी एकोणीस-वीस वर्षं गेली.

अडतीस सालच्या कार्तिकात झुंबरला हिवताप आला. तीन दिवस दात वाजत होते. चौथ्या दिवशी ताप उतरून अंग गार लागलं. सोमवार होता, आणि भात पिकून लोळत होतं. झुंबर उठली, पदर खोचला, विळा घेतला.

"आत्याबाई, तुमी बसा. तुमचा वार हाय. मी जाते ह्यांच्यासंगं."

"झुंबरे, नगं उटू. ताप उतरलाय म्हणून उटू नगं."

"घरात ऱ्हाऊन तिच्या तावडीत गावू व्हय?"

नथू दारात मुंडासं बांधत उभा होता. तो जाईपर्यंत सरुबाईला थांबता आलं असतं. पण झुंबरचा एक पाय उंबऱ्याबाहेर पडला होता.

"भूत न्हाई गं," सरुबाई म्हणाली. "कंदीच नव्हतं. मुक्तीचा ताप बी असाच उतरला व्हता. मी उटवली तिला. टेकू का म्हणाली, मी म्हणले पात उरक. ती तापानं न्हाई मेली. मी मारली."

मग तिनं बंगल्यातल्या खुर्चीचं सांगितलं, पेजेचं सांगितलं. सगळं. नथूच्या हातात मुंडाशाचं टोक तसंच राहिलं होतं. सांगून झाल्यावर त्यानं ते नीट खोचलं, विळा उचलला आणि एकटाच शेतावर गेला.

झुंबरनं विळा खुंटीला लावला. मग तिनं घोंगडी पसरली आणि दिवस मावळेपर्यंत झोपली. दिवसाउजेडी, उघड्या दारात. तो आठवडाभर सरुबाईनं तिला उठू दिलं नाही. झुंबर वाचली, धडधाकट आहे, आणि आता दर सोमवारी दोघी ओट्यावर बसतात. माझी आजी म्हणते, आता भुतानं दोघींना धरलं.

त्या सोमवारपासून नथूभाऊ आईशी जो बोलला नाही, तो चार वर्षं बोललाच नाही. ओरडला असता तर बरं. दुखलंखुपलं बघतो, औषध आणतो, पण सांगायचं ते झुंबरकरवी. "तिला म्हणावं, जेव." "तिला म्हणावं, वारं सुटलंय, आत ये." आई तीन हातांवर बसलेली.

हे सगळं सरुबाईनं मला एका सोमवारी सांगितलं, तेव्हा मला ते खरंच वाटेना. चार वर्षं कोण गप्प राहतं? मला चार घटका जमत नाही. मी म्हणाले, "मावशी, दिवाळीच्या पयल्या आंगुळीला तूच तेल लावतीस ना त्याला? तवा तरी 'आई' म्हनंल. लाव पैज."

"न्हाई म्हनायचा."

"म्हनंल! लोणावळ्याची गूळदाणी, मूठभर."

"हारशील, पोरी."

दिवाळीच्या पहाटे मी कुडाच्या फटीला डोळा लावून बसले. उजाडत होतं. नथूभाऊ आला आणि पाटावर आईकडे पाठ करून बसला. सरुबाईनं तेल कोमट करून आणलं होतं. तिनं डोक्यावर घातलं, मानेवर घातलं, खांदे चोळले, पाठ चोळली. फार वेळ चोळली. त्यानं मान खाली घातली होती आणि ती जिकडे दाबेल तिकडे वळत होती. एकदा त्याचा खांदा थरथरला आणि मला वाटलं, आता. सरुबाईचे हातही थांबले.

"झुंबर," तो म्हणाला, "पाणी आण."

सोमवारी मी गूळदाणी घेऊन गेले. सरुबाईला दात नाहीत. तिनं एक खडा गालात धरला आणि बाकीची झुंबरच्या ओंजळीत ओतली. मी म्हटलं, पुढच्या दिवाळीला दुप्पट.

"न्हाई गं," ती म्हणाली. "आवंदा त्याचा खांदा हालला. आता मी पैज लावत न्हाई."