टेलर आडनावाचा साहेब

कुवेत सिटीच्या बाजारात रत्नागिरीकडच्या एका मास्तरांचं शिवणाचं दुकान होतं. साठ साल उजाडायच्या सुमाराला एका दुपारी मी तिथे पँट न्यायला थांबलो होतो. उन्हानं लालबुंद झालेला एक उंच इंग्रज आत आला आणि पाटीवरच्या ‘टेलर’ या शब्दावर बोट ठेवून म्हणाला, “हे माझं आडनाव.”

मी दुभाषा झालो. साहेबाला सांगायची भारी हौस. मूळ शब्द फ्रेंच, अर्थ कापणारा. त्याच्या गावात गल्लोगल्ली टेलर. शाळेत त्याच्याच वर्गात तिघे होते.

“कापणारा?” मास्तरांनी विचारलं, “मग शिवायचं कुणी?”

साहेब खदखदून हसला. मग त्यानं मशीन चालवून बघू का, असं विचारलं. मास्तरांनी एक चिंधी दिली. मशीनखाली त्याचे लांब पाय कसेबसे मावले. जीभ दातांत धरून त्यानं एक शिवण घातली. ती वाकडीतिकडी गेली, तरी चिंधीची घडी करून त्यानं खिशात ठेवली.

“आमच्यात खरोखर शिवणारा शेवटचा कोण, ते घरात कुणालाच माहीत नाही,” तो म्हणाला आणि माझ्याकडे वळला. “तुमचं आडनाव काय?”

“सुतार. लाकूडकाम करणारा.”

“तुम्ही करता?”

“नाही. मी ऑफिसात कारकून आहे.”

“मग तुमच्यातला शेवटचा कोण?”

असा विचार मी कधी केलाच नव्हता.

“माझे वडील,” मी म्हणालो, आणि ते गावी अजून रोज रंधा मारतात, हेही घाईघाईनं सांगून टाकलं.