लाहौलच्या ओढ्यावर ओहोटीची वाट

नातवंडांनो, तुमची आजी देव मानते, पण चमत्कार म्हटलं की तिला शंका येते. तरीही २०१६ च्या ऑगस्टमध्ये हिमाचलातल्या लाहौलच्या डोंगरात जे घडलं, ते घडलं तसं लिहिते.

घोलवड-डहाणूची आम्ही नऊ माणसं ट्रेकला गेलो होतो. माझ्या सोबतीला हिराबाई, डहाणूला आयुष्यभर बोंबील वाळवून विकलेली. वाटेतला बर्फाच्या पाण्याचा ओढा सकाळी दहाच्या आत ओलांडा, असं गाईडने बजावलं होतं. फुलांचे फोटो काढत आम्ही दोघी मागे राहिलो आणि पोचलो अकराला. बाकीचे केव्हाच पलीकडच्या मुक्कामाला गेले होते. पाणी मांडीपर्यंत होतं.

मी ठामपणे म्हटलं, "दोन तास थांबू. पाणी ओसरेल."

"खाडीत आम्ही तेच करतो," हिराबाई म्हणाली.

आम्ही दगडावर बसून सुकवलेले चिकू खाल्ले. ऊन छान लागत होतं. हिराबाईने पाण्याच्या कडेला खुणेचा दगड ठेवला होता, तो बुडाला. दुसरा ठेवला, तोही बुडाला.

"बाई, ही कसली ओहोटी? हे तर भरतंय. तीस वर्षं पोरांना भूगोल शिकवलात ना?"

तेव्हा डोक्यात उजेड पडला. ऊन चढतं तसा वर बर्फ वितळतो. आमचे तंबू, पांघरुणं सगळं पलीकडे. रात्री तिथे गारठून मेलो असतो. मी डोळे मिटले आणि महालक्ष्मीला एवढंच म्हटलं, "आई, मला काही सुचत नाही. आता तूच बघ."

थोड्या वेळाने वरच्या वळणावरून मेंढ्या उतरल्या. मागे एक म्हातारा मेंढपाळ आणि त्याचं खेचर. काही न विचारता त्याने आधी हिराबाईला खेचरावरून पार नेलं, मग परत येऊन मला वर बसवलं आणि स्वतः बाजूने पाण्यातून चालू लागला. मधोमध पाणी खेचराच्या पोटाला लागलं. मी घाबरून लगाम खेचला. खेचर थांबलं. मी आणखी खेचला.

"लगाम छोड़ो, माताजी," तो शांतपणे म्हणाला. "इसको रास्ता मालूम है."

पलीकडून हिराबाई ओरडली, "सोडा हो बाई, ते काय तुमच्या वर्गातलं पोर आहे?"

मी हसले आणि हात मोकळे केले. खेचर सरळ काठाला लागलं. वळून हात जोडले, तोवर तो खेचर घेऊन मेंढ्यांकडे परत निघाला होता. त्याचं नावही मला ठाऊक नाही. रोज दिवा लावताना त्याला नमस्कार करते, आणि हातात काही घट्ट धरलेलं असेल तर ते सोडून बघते.